रस्त्याची झीज आणि वाहनाचा वाटा : न्याय्य वाहनकराचा हिशेब नाशिककरांनी कसा मांडावा

नाशिकमध्ये रस्त्यांचा विषय निघाला की दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. "गाडी घेतानाच आम्ही रोड टॅक्स भरून मोकळे झालो आहोत," असे मोटारमालक सांगतो आणि "सगळे कर शेवटी आमच्याच माथी येतात," असे ट्रान्सपोर्टवाला म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे; परंतु कोणामुळे रस्ता किती झिजतो आणि त्यापोटी कोण किती भरतो, हे आकड्यांत मांडले नाही तर नगरसेवकांपुढे, आमदारांपुढे किंवा परिवहन खात्यापुढे यातली कोणतीच तक्रार टिकत नाही. हा हिशेब मांडण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. गुणाकार-भागाकार येत असेल आणि थोडा चिकाटीचा स्वभाव असेल, तर एखादी सोसायटी, शेतकरी गट किंवा वाहतूकदारांची संघटना तो स्वतः करू शकते. माझे मत आधीच सांगतो. रस्त्याच्या देखभालीसाठी घ्यावयाचा कर गाडीच्या किमतीवर ठरणे अन्यायाचे आहे. तो एक्सलवर (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आसावर) पडणारे वजन आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर यांवर ठरला पाहिजे, आणि त्यातून येणारा पैसा त्या त्या रस्त्याच्या मालकापर्यंत पोहोचला पाहिजे.

रस्ता कोणाचा आणि पैसा कोणाकडे

सुरुवात एका ठरावीक रस्त्यापासून करावी. "नाशिकचे रस्ते" असा मोघम विषय घेतला की हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो, कारण मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा शहरातला भाग महापालिकेकडे, शहराबाहेर पडणारे कित्येक रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि गावागावांना जोडणारे रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात.

पैशाची वाट मात्र या मालकीशी जुळत नाही. वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ५७ प्रमाणे राज्याला आहे आणि महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाखाली वसूल होतो. इंधनावरचे उत्पादन शुल्क आणि त्यातला रस्ते उपकर केंद्राकडे जातो, तर इंधनावरचा व्हॅट राज्याकडे जातो. टोल ज्या त्या रस्त्याच्या यंत्रणेकडे किंवा ठेकेदाराकडे जमा होतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि आता महापालिकेच्या हाती मुख्यतः घरपट्टी, जीएसटीपोटी मिळणारी भरपाई आणि अनुदाने एवढेच राहिले. परिणामी सातपूरच्या एखाद्या गल्लीतला खड्डा बुजवण्याच्या खर्चात ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही अशा घरमालकाच्या घरपट्टीचा वाटा असतो, आणि त्या खड्ड्यावरून रोज जाणाऱ्या मालट्रकने आरटीओत भरलेला कर मात्र राज्याच्या तिजोरीत गेलेला असतो. हिशेबाच्या कागदावर पहिल्या ओळीत रस्त्याचे नाव, त्याची लांबी, त्याचा मालक आणि त्या मालकाला वाहनांकडून थेट काय मिळते, एवढे लिहावे. महापालिकेच्या रस्त्यांबाबत शेवटच्या रकान्यात बहुधा जवळजवळ काहीच येणार नाही, आणि तीच निवेदनातली पहिली महत्त्वाची नोंद ठरते.

झीज दोन प्रकारची असते

रस्ता दोन कारणांनी खराब होतो. पहिले कारण पाणी, ऊन आणि काळ. डांबर वयाने कडक होते, त्याला बारीक तडे जातात, त्या तड्यांतून पावसाचे पाणी खाली मुरते आणि काळ्या मातीचा थर फुगून-आकसून वरच्या खडीला हलवतो. गाडी एकही गेली नाही तरी ही झीज होतच राहते. दुसरे कारण वजन, आणि येथे एक नियम समजून घेणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून असे दिसले की रस्त्याचे नुकसान एक्सलवरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर नुकसान दुपटीने न वाढता सोळा पटीने वाढते. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात थोडा कमीजास्त होतो. तरीही जगभरातले अभियंते, आपल्याकडचेही, रस्त्याची जाडी ठरवताना याच नियमावर आधारलेल्या प्रमाण-एक्सलच्या मोजणीचा, म्हणजे सगळ्या गाड्यांची झीज एका ठरावीक वजनाच्या एक्सलच्या फेऱ्यांत मांडण्याच्या रीतीचा, वापर करतात.

आता आकडे घालून पाहू. चार माणसे बसलेल्या छोट्या मोटारीच्या एका एक्सलवर ढोबळमानाने ६०० किलो वजन येते, तर भरलेल्या सहाचाकी मालट्रकच्या मागच्या एक्सलवर १० टन. हे गुणोत्तर साधारण १६.७ होते आणि त्याचा चौथा घात सुमारे ७७,००० येतो. म्हणजे त्या एका एक्सलच्या एका फेरीने होणारी झीज मोटारीच्या एका एक्सलच्या ७७ हजार फेऱ्यांइतकी असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजनातली वाढ पावणेतेरा टक्क्यांची असली तरी चौथ्या घाताने ती झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढवते. मर्यादेपेक्षा २० टक्के जास्त माल भरला तर झीज दुपटीच्या पुढे जाते.

हे कागदावर मोजण्याआधी डोळ्यांनी पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. खाणीकडून किंवा खडी क्रशरकडून येणाऱ्या एखाद्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर उभे राहावे. भरलेले डंपर ज्या बाजूने बाहेर पडतात त्या बाजूला चाकांच्या दोन सरळ रेषांत डांबर खचलेले असते, त्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि कडेला डांबराचा उंचवटा वर आलेला दिसतो. त्याच रस्त्याची दुसरी बाजू, जिच्यावरून तेच डंपर रिकामे परततात, बरीच सपाट असते. रस्ता, पाऊस, ठेकेदार आणि गाड्या सगळे तेच असून केवळ वजनाचा फरक तेथे दिसतो. दोन्ही बाजूंचे छायाचित्र एकाच चौकटीत येईल असे घ्यावे आणि निवेदनाला जोडावे.

गाड्यांची मोजणी

निवडलेल्या रस्त्यावर बारा तासांची मोजणी दोन दिवस करावी, एक दिवस बाजाराचा आणि एक साधा. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या बाजूंचे चित्र पावसाळ्यापेक्षा अगदी वेगळे असते, म्हणून महिना नमूद करणे विसरू नये. दुचाकी, रिक्षा व मोटारी, पिकअप व छोटे टेम्पो, सहाचाकी ट्रक व बस, दहाचाकी आणि त्याहून मोठ्या गाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉली असे रकाने पुरेसे आहेत. बहुतेक मालट्रकांच्या डाव्या अंगाला रिकामे वजन आणि भारित वजन किलोत रंगवलेले असते आणि तेच आकडे आरसीवरही असतात. नमुन्यादाखल थोड्या गाड्यांचे टिपून घ्यावेत. जवळच्या भुईकाट्यावर चालकाच्या संमतीने प्रत्यक्ष वजन पाहता आले, तर कागदावरचे वजन आणि खरे वजन यांतली तफावतही कळते. सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतः वाहतूक गणना करत असतो. तिचे आकडे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कात मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. त्याच अर्जात त्या रस्त्यावर मागील पाच वर्षांत देखभालीवर झालेला खर्च मागावा, मात्र नवीन बांधकाम, रुंदीकरण आणि सुशोभीकरण वेगळे दाखवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी. कुंभमेळ्याच्या कामांमुळे सध्या नाशिकमध्ये ही काळजी अधिकच घ्यावी लागेल, कारण एका वर्षाचा बांधकामाचा मोठा आकडा देखभालीत मिसळला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

वाटणी : एक मांडलेले उदाहरण

समजा, दहा किलोमीटरच्या एका रस्त्याची वर्षाची देखभाल एक कोटी रुपयांची आहे. त्यावरून रोज ६,००० दुचाकी, ३,००० मोटारी आणि ५०० मालट्रक व बस जातात. हे आकडे रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. वाचकाने येथे आपल्या रस्त्याचे आकडे घालावेत.

प्रथम एक कोटीचे दोन भाग करावेत. ऊन, पाणी आणि काळ यांच्यामुळे होणारा खर्च ६० लाख आणि वजनामुळे होणारा ४० लाख, असे धरू. पहिला भाग सर्वांनी वाटून घ्यायचा आहे, कारण रस्ता सर्वांसाठी आहे. परंतु तो डोक्यामागे सारखा न वाटता रस्त्यावर व्यापलेल्या जागेप्रमाणे वाटणे योग्य. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत मोटारीची जागा १ एकक धरून दुचाकीला ०.५ आणि ट्रक-बसला ३ एकके दिलेली आहेत. त्याप्रमाणे दुचाकींची एककांची बेरीज ३,०००, मोटारींची ३,००० आणि ट्रक-बसची १,५०० येते. म्हणजे ६० लाखांतले २४ लाख दुचाकींकडे, २४ लाख मोटारींकडे आणि १२ लाख अवजड वाहनांकडे जातात. वजनाचे ४० लाख जवळजवळ संपूर्णपणे अवजड वाहनांचेच आहेत, कारण ७७ हजारांच्या गुणोत्तरापुढे मोटारींचा वाटा नगण्य ठरतो.

आता वर्षभरात कापलेल्या एकूण किलोमीटरने भागावे. दुचाकींचे वर्षाला २ कोटी १९ लाख किलोमीटर होतात, म्हणून दर किलोमीटरला सुमारे ११ पैसे. मोटारींचे १ कोटी साडेनऊ लाख किलोमीटर, म्हणून सुमारे २२ पैसे. अवजड वाहनांचे सव्वाअठरा लाख किलोमीटर आणि त्यांच्याकडे एकूण ५२ लाख, म्हणून सुमारे २ रुपये ८५ पैसे. ट्रकचा न्याय्य दर मोटारीच्या तेरापट येतो.

येथे घाई करू नये, कारण सगळा निकाल ६० आणि ४० या विभागणीवर अवलंबून आहे. तीच विभागणी ८० आणि २० अशी धरली तर अवजड वाहनाचा दर १ रुपया ९७ पैशांवर उतरतो, मोटारीचा २९ पैशांवर चढतो आणि तेरापटीचे जेमतेम सातपट होते. म्हणून विभागणीचा आकडा स्वतः ठरवून टाकू नये. तो कार्यकारी अभियंत्याकडून लेखी मागावा, आणि मिळाला नाही तर निवेदनात दोन्ही टोकांचे उत्तर द्यावे. वाहतूकदारांच्या संघटनेला ही प्रामाणिक मांडणी जास्त पटते, असे माझे मत आहे. एकच आकडा रेटला की चर्चा त्या आकड्यावरच संपते.

आजचे कर या मोजपट्टीवर कसे उतरतात

खासगी मोटारीचा एकरकमी कर महाराष्ट्रात किमतीच्या टक्केवारीने घेतला जातो. पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीला १३ ते १५ टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ८८,००० रुपये होतात. ही गाडी पंधरा वर्षांत वर्षाला ६,००० किलोमीटर फिरली तर दर किलोमीटरला ९८ पैसे पडतात. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरली तर केवळ २९ पैसे. आठवड्यातून दोनदा भाजी आणायला गाडी काढणारा निवृत्त माणूस दर किलोमीटरला रोज सिन्नरला ये-जा करणाऱ्यापेक्षा तिपटीहून अधिक भरतो. शिवाय तेवढ्याच वजनाची पण दुप्पट किमतीची गाडी रस्ता दुप्पट झिजवत नाही. किमतीवरचा कर हा संपत्तीवरचा कर म्हणून समर्थनीय असू शकेल, पण त्याला रस्त्याचा कर म्हणणे बरोबर नाही.

इंधनावरचा कर अंतराशी जुळतो, हा त्याचा मोठा गुण. वजनाशी मात्र तो अर्धवटच जुळतो : मोटार लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर धावते आणि भरलेला ट्रक तीन-चार, म्हणजे ट्रक किलोमीटरमागे चार-पाच पट इंधन जाळतो, तर त्याने केलेली झीज हजारो पटींची असते. विजेवरच्या गाड्या हा कर देतच नाहीत, त्यामुळे जसजशा त्या वाढतील तसतसा हा मार्ग आकसत जाईल.

टोलमध्ये अंतर आणि एक्सल दोन्ही विचारात घेतले जातात, म्हणून तत्त्वतः तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि दोन एक्सलच्या ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असा ठरवला गेला. हे प्रमाण ३.४ पटीचे आहे. टोलमध्ये बांधकामाचा खर्चही येतो आणि त्याचा फायदा मोटारींना भरपूर मिळतो, हे मान्य करूनही देखभालीच्या भागापुरते हे प्रमाण ट्रकला फार स्वस्त पडते. त्याशिवाय टोल फक्त नाक्यावर लागतो. घोटी, पिंपळगाव किंवा शिंदे येथील नाका चुकवून आतल्या रस्त्याने जाणारी भरलेली गाडी, ज्यांचे थर पातळ असतात अशा गावरस्त्यांची वाट लावते.

एसटीच्या बाबतीत तर उलटाच प्रकार आहे. तिकिटाच्या उत्पन्नावर महामंडळ राज्याला १७.५ टक्के प्रवासी कर देते. बस अवजड आहे आणि रस्ता झिजवते, हे खरे. पण ती चाळीस माणसे तीन मोटारींच्या जागेत नेते. माझ्या मते बसचा रस्त्याचा वाटा वजनाप्रमाणे काढावा, तो शासनाने उघडपणे अंदाजपत्रकातून भरावा आणि प्रवाशाच्या तिकिटावरचा कर काढून टाकावा.

मग कर कसा असावा

न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून डिझेल वाहने दर हजार किलोमीटरला, वजन आणि एक्सलच्या संख्येनुसार शुल्क आगाऊ भरतात. अवजड वाहनांच्या चाकावर त्यासाठी स्वतंत्र अंतरमापक बसवलेले असते आणि १ एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या मोटारीही या पद्धतीत आल्या. स्वित्झर्लंड २००१ पासून साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांकडून टन, किलोमीटर आणि प्रदूषणाची श्रेणी यांच्या गुणाकाराने शुल्क घेते. आपल्याकडे सर्व गाड्यांवर उपग्रहाने नजर ठेवण्याची गरज नाही, आणि नागरिकाच्या रोजच्या हालचालींची नोंद सरकारकडे जाणे मला मान्यही नाही. मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता तपासणीसाठी आरटीओकडे जावेच लागते. त्या वेळी किलोमीटरचा आकडा नोंदवून मागील कालावधीचे शुल्क काढता येईल. खासगी मोटारीसाठी एकरकमी कराचा मोठा भाग कमी करून पीयूसीच्या वेळी नोंदलेल्या किलोमीटरवर वार्षिक शुल्क घेता येईल.

दर एकूण वजनावर न ठरवता एक्सलवरील वजनावर ठरवण्याचा आग्रह धरावा, कारण त्यात वाहतूकदाराचाही फायदा आहे. वीस टन वजन दोन एक्सलवर सारखे पडले तर प्रत्येकावर १० टन येतात. तेच तीन एक्सलवर वाटले तर झीज तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते. कर त्या प्रमाणात उतरला तर जास्त एक्सलची गाडी घेण्यास मालक स्वतःच तयार होईल. जादा भरणीसाठी मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे व जादा माल उतरवून घेण्याची तरतूदही आहे. दंडापेक्षा माल उतरवणे चालकाला जास्त जड जाते, म्हणून अंमलबजावणीची मागणी त्या तरतुदीबाबत करावी.

"ट्रकचा कर वाढला की कांदा महागेल आणि मार शेतकऱ्यालाच बसेल," हा आक्षेप हमखास येईल आणि त्याला आदराने, आकड्यांत उत्तर दिले पाहिजे. वरच्या उदाहरणातला २ रुपये ८५ पैशांचा दर धरला आणि लासलगावहून वाशीच्या बाजारापर्यंत २४० किलोमीटर धरले, तर एका फेरीचे ६८४ रुपये होतात. दहा टन कांद्यावर ते किलोमागे सात पैशांहून कमी पडतात. आणि हा भार नव्याने चढवण्याचा नाही, तर सध्याच्या वार्षिक कराच्या आणि इंधनावरील कराच्या काही भागाच्या बदल्यात घेण्याचा आहे. निवेदनात हे वाक्य ठळक लिहावे. शेतातून बाजारापर्यंत जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला सूट द्यावी, मात्र खडी-वाळू वाहणाऱ्या ट्रॉलीला ती देऊ नये.

विजेवरच्या छोट्या गाड्यांना वजनाच्या भागात काही लावण्यासारखे नाही, पण जागेचा आणि पावसापाण्याच्या झिजेचा वाटा त्यांनीही द्यायला हवा. स्वच्छ हवेसाठी सवलत द्यायची तर ती खरेदीवर द्यावी.

पैसा रस्त्यावर येईल याची तजवीज

१९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा अशी शिफारस केली आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. नव्वद वर्षांहून जुनी ही कल्पना महापालिकेच्या रस्त्यांपर्यंत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही. न्यायालयाकडूनही आता फारशी मदत होणार नाही. वाहनकर हा रस्त्यांच्या सोयीचा मोबदला असला पाहिजे, या विचाराला पूर्वी सर्वोच्च न्यायालयाने स्थान दिले होते. पण २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मोबदला-कराचा तो सिद्धान्त बाजूला सारला. त्यामुळे पैसा रस्त्यावरच खर्च व्हावा, ही अट कायद्यातच लिहून घ्यावी लागेल. मागणी नेमकी करावी : जिल्ह्यात गोळा होणाऱ्या किलोमीटर-शुल्काचा ठरावीक हिस्सा रस्त्यांच्या लांबीच्या आणि वाहतुकीच्या प्रमाणात महापालिका व जिल्हा परिषदेला मिळावा, तो वेगळ्या खात्यात राहावा आणि त्यातून नवे बांधकाम होऊ नये.

निवेदन चार पानांपेक्षा मोठे करू नये. पहिल्या पानावर रस्ता, मालकी आणि मागणी. नंतर मोजणीचा तक्ता, वाटणीचा हिशेब दोन्ही विभागण्यांसह, आणि शेवटी छायाचित्र व माहिती अधिकारातील उत्तराची प्रत जोडावी. एक प्रत परिवहन आयुक्तांना, एक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना, एक स्थानिक आमदारांना आणि एक महापालिका आयुक्तांना द्यावी व प्रत्येकीवर पोहोच घ्यावी. वाहतूकदारांच्या संघटनेला मसुदा आधीच दाखवावा आणि त्यांचा लेखी आक्षेप आला तर तोही सोबत जोडावा. राज्याचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते आणि महापालिकेचेही त्याच सुमारास, त्यामुळे मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून निवेदन डिसेंबरअखेर कार्यालयांत पोहोचलेले असावे.